गाडगेबाबांचा खराटा



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाची ठरली, तेव्हा अध्यक्षाबाईंनी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असा आग्रह धरला. कोणी पाककृती दिल्या, कोणी भुलाबाईच्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेखणीपेक्षा लाटणे आणि केरसुणी याच दोन वस्तू माझ्या हातात अधिक राहिल्या. तेव्हा मनात आले, की केरसुणीविषयीच लिहावे. आणि झाडलोट म्हटली की आपल्या अमरावती जिल्ह्यात पहिले नाव ओठावर येते ते संत गाडगेबाबांचे. त्यांचे चरित्र तुम्हा सर्वांना थोडेफार ठाऊक आहेच. तरी पण मागच्या पावसाळ्यात आपल्या गल्लीत जे झाले, त्या दिवसापासून बाबांची मला वारंवार आठवण होत आहे. ती का, ते शेवटी सांगते. आधी त्यांची हकीकत माझ्या साध्या भाषेत सांगते.

माझ्या आजेसासूबाईंनी लहानपणी बाबांचे कीर्तन ऐकले होते. त्या सांगत, की दिवसभर एक चिंध्या पांघरलेला माणूस गावात रस्ते झाडीत होता, तो कोणी भिकारी असेल असे बायकांना वाटले. रात्री कंदिलाच्या उजेडात तोच माणूस कीर्तनाला उभा राहिला, तेव्हा बायकांनी तोंडात बोटे घातली. कारण दुपारी त्यातल्याच एकीने त्याच्या अंगावरून केराची पाटी नेऊन रस्त्यावर उलटी केली होती. त्याने एक शब्द न बोलता तो केर पुन्हा गोळा केला होता. आजेसासूबाई हे सांगून हसत नसत. ती बाई कोण होती हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही, पण आम्ही समजून होतो, की ती त्यांची आईच असावी.

बाबांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी आपल्याच जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजातल्या कुटुंबात झाला. आईचे नाव सखुबाई. वडील झिंगराजी हे दारूच्या आहारी गेले. त्या काळी देवाला बकरे कापावयाचे, दारू ढोसावयाची आणि पाहुण्यांनाही पाजावयाची अशी रीत होती, आणि रीत म्हणून सुरू झालेली दारू घर बुडवून थांबत असे. डेबू लहान असतानाच वडील वारले. घरदार गेले होते. सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी आपल्या माहेरी गेली. पदरी लहान मूल आणि नवऱ्यामागे काही नाही, अशा स्थितीत भावाच्या दारात उभे राहणे म्हणजे काय, ते आपल्यातल्या काही जणींना ठाऊक आहे. सखुबाई तेथे दळण-कांडण करून राहिली.

डेबू शाळेत गेला नाही. गुरे राखावयाची, त्यांना पूर्णेच्या पाण्यावर न्यावयाचे, गोठा झाडावयाचा, हे त्याचे काम. पुढे नांगर धरला. अंगाने धिप्पाड, पोहण्यात तरबेज आणि कामाला वाघ. असे म्हणतात, की त्याच्या हातचा गोठा आरशासारखा असे. मामाची शेती त्याने कष्टाने पिकविली. पण मामाला लिहिता-वाचता येत नव्हते, आणि सावकाराच्या कागदावर अंगठा उठवता उठवता ती जमीन कर्जात गेली. त्या धक्क्याने मामा फार दिवस जगला नाही. दारूने बाप गेला आणि कर्जाने मामा गेला. पुढे बाबा जन्मभर कीर्तनातून ज्या गोष्टींविरुद्ध बोलले, त्या त्यांनी पुस्तकात वाचलेल्या नव्हत्या. त्या त्यांच्या घरात घडलेल्या होत्या.

१८९२ साली त्यांचे लग्न कुंताबाईंशी झाले. पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण व दारू हवी, असा सगळ्यांचा आग्रह होता. डेबूजींनी तो मोडला आणि पंगतीत गोडाचे जेवण वाढले. ही गोष्ट आज लहान वाटते. पण भाऊबंदांत राहून पंगतीची रीत मोडणे किती कठीण असते, ते ज्या बाईला चार माणसांत उणे ऐकावे लागते तिलाच कळते. तो वाढणारा हात डेबूजींचा असला, तरी बायकांमध्ये बसून टोमणे कुंताबाईंनीच ऐकले असतील, असे मला वाटते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजी घर सोडून निघाले. वय अठ्ठावीस वर्षांचे. अंगावर फाटके वस्त्र, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे. या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. त्याच फुटक्या गाडग्यात ते भाकरी खात, पाणी पीत आणि उन्हात तेच डोक्यावर घालीत. पुढे अंगावर निरनिराळ्या चिंध्यांची गोधडी आली, एका कानात कवडी आली, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच आली आणि हातात खराटा आला. ज्या वस्तू आपण टाकून देतो, उकिरड्यावर फेकतो, त्याच त्यांनी अंगावर मिरविल्या.

त्यांची रीत अशी होती. गावात शिरले की कोणाच्या घरी जावयाचे नाही, कोणाला नमस्कार करू द्यावयाचा नाही. वेशीपासून खराटा चालू. रस्ते, देवळापुढचे अंगण, नाल्या, पाण्याची जागा, सारे झाडून काढावयाचे. लोक आधी हसत, मग बघत, मग एखादा तरुण पुढे होई, मग दोन, मग दहा. दुपारी भूक लागली की कोणाची तरी लाकडे फोडून द्यावयाची किंवा अंगण झाडावयाचे आणि मगच भाकरीचा तुकडा मागावयाचा. फुकटचे अन्न त्यांनी घेतले नाही. कोणी पैसे दिले तर ते स्वतःसाठी घेतले नाहीत. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन.

त्यांचे कीर्तन म्हणजे पंडिताचे प्रवचन नव्हे. साधी वऱ्हाडी बोली. तुकोबांचे अभंग तोंडपाठ. गोपाळाच्या नामाचा गजर झाला की समोरच्या लोकांना प्रश्न विचारावयाचे आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यावयाचे. कर्ज काढून लग्न करू नका, दारू पिऊ नका, देवाला मुके जनावर कापू नका, शिवाशीव पाळू नका, मुलांना शाळेत घाला, एक वेळ घरातले भांडे विका पण मुलाचे शिक्षण थांबवू नका, हे त्यांचे सांगणे. स्वतःला अक्षरओळख नव्हती, म्हणूनच अक्षर नसले की काय होते ते त्यांना समजले होते. दगडाच्या देवापेक्षा भुकेल्या माणसात देव बघा, असा त्यांचा रोख. गंमत अशी, की दिवसभर झाडू मारून झाल्यावर हे बोलत असल्यामुळे त्यांना उलट बोलण्याची कोणाची छाती होत नसे. ज्याने आपली नाली उपसली, त्याला काय उत्तर द्यावे?

आपल्या जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे गाव आहे. तेथे पौष महिन्यातल्या रविवारी यात्रा भरते. आपल्यापैकी पुष्कळ जणी तेथे जाऊन आल्या आहेत. तेथे नदीत उतरावयास धड वाट नव्हती. काठावर चिखल, आणि म्हाताऱ्या बाया घसरून पडत. बाबांनी तेथे स्वतः खणावयास आणि दगड वाहावयास सुरुवात केली. माणसे जमली, वर्गणी जमली आणि १९०८ साली तेथे घाटाचे काम उभे राहिले. पुढच्या सर्व कामांची रीत या एका घाटात दिसते. वर्गणी लोकांची, राबणेही लोकांचे, पण पहिला दगड स्वतः उचलावयाचा.

त्यानंतर किती कामे झाली याची यादी फार मोठी होईल. पंढरपूरला अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना उतरावयास जागा नव्हती, म्हणून १९१७ साली तेथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली. मूर्तिजापूरला १९२५ साली गोरक्षणाचे काम सुरू केले. नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा झाल्या, सदावर्ते चालली. मुंबईला जे. जे. रुग्णालयात खेड्यापाड्यांतून येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांना रस्त्यावर झोपावे लागे, त्यांच्यासाठी १९५४ साली धर्मशाळा झाली. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांविषयी त्यांना फार आदर होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. या सर्व कामांसाठी ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. इतक्या लाखांच्या इमारती उभ्या केल्या, पण बाबा स्वतः त्या धर्मशाळांत गादीवर बसले नाहीत. बाहेर झाडाखाली किंवा ओट्यावर पडत. कोणाला शिष्य केले नाही, मठ केला नाही.

येथे मला एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. बाबांचे चरित्र सांगताना सगळे जण खराटा सांगतात, गाडगे सांगतात, धर्मशाळा सांगतात. कुंताबाईंचे नाव एका ओळीत येते आणि जाते. नवरा पहाटे उठून निघून गेला तेव्हा घरी म्हातारी सासू होती, लेकरे होती. या बाईने ती वाढविली. पुढे नवऱ्याच्या शब्दावर लाख लाख रुपये जमू लागले, तरी तिचे राहणे झोपडीतच. धर्मशाळेच्या पैशातला एक दाणाही घरच्यांनी खाऊ नये, असा बाबांचा कडक नियम होता, आणि संस्थांवर त्यांनी आपल्या नात्यातल्या कोणाचा हक्क ठेवला नाही. मुलगा गोविंदा १९२३ साली वारला, तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तन करीत होते. बातमी तेथे पोचली. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. हे ऐकून लोक धन्य धन्य म्हणतात. मीही हात जोडते. पण त्या वेळी कुंताबाई कोठे असेल आणि तिच्याजवळ कोण बसले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

यात बाबांना कमी लेखण्याचा हेतू मुळीच नाही. त्यांनी सगळा गाव आपले घर मानले, म्हणून इतके काम झाले. माझे म्हणणे इतकेच, की मोठ्या कामाच्या मागे कोणीतरी एक चूल पेटती ठेवीत असते, आणि तिचाही त्या पुण्यात वाटा असतो. हे मी मंडळाच्या स्मरणिकेत नाही लिहावयाचे तर कोठे लिहावयाचे?

नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात बाबांचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झाले होते, त्यामुळे आजही त्यांचा आवाज ऐकावयास मिळतो. माझ्या मुलाने मोबाईलवर तो मला ऐकविला. आवाज थकलेला, पण प्रश्न तसेच धारदार. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी गाडीतच देह ठेवला. आज अमरावतीला गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. आपल्या विद्यापीठालाही त्यांचे नाव आहे. ज्याला अक्षर येत नव्हते त्याच्या नावाने पदव्या मिळतात, ही गोष्ट मला फार बरी वाटते.

आता आपल्याकडे येते.

२००० साली राज्य सरकारने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. तेव्हा मी लग्नाची व्हावयाची होते. माझ्या माहेरच्या गावात सगळे झपाटून कामाला लागले. सकाळी दवंडी होई, घरटी एक माणूस खराटा घेऊन बाहेर पडे. शोषखड्डे खणले, सांडपाणी त्यात जिरविले, संडास बांधले, भिंती रंगविल्या. माझे वडीलही रस्ता झाडताना मी त्या वर्षी प्रथम पाहिले. तपासणीसाठी मंडळी आली, तेव्हा गाव नव्या नवरीसारखे दिसत होते. बक्षीस मिळाले, पेढे वाटले. आणि दोन वर्षांनी दिवाळीला गेले, तर वेशीजवळ पुन्हा ढीग. शोषखड्डे गाळाने भरलेले. विचारले तर म्हणाले, की आता अभियान संपले. मला फार वाईट वाटले. बाबांचे नाव भिंतीवर तसेच रंगविलेले होते, आणि त्याच भिंतीच्या पायाशी केर होता.

पूर्वी आपल्या घरांमागे उकिरडा असे. त्यात शेण, राख, पालापाचोळा, भाजीची देठे पडत. वर्षभराने ते खत होऊन शेतात जाई. त्यामुळे टाकून दिलेली वस्तू वाया जात नसे. आज आपल्या केरात दुधाच्या पिशव्या, पुड्या आणि थर्मोकोल आहे. उकिरड्याला ते पचत नाही. आपण घर मात्र पूर्वीसारखेच चकचकीत ठेवतो. दिवसातून दोनदा झाडतो, फरशी पुसतो आणि केर उंबरठ्याबाहेर लोटतो. तो दिसेनासा झाला की आपल्या दृष्टीने काम संपले.

मागच्या पावसाळ्यात ते संपलेले नव्हते, हे आपल्याला कळले. तुम्हा सर्वांना ती रात्र आठवत असेल. आठ-आठ दिवस पाऊस नाही, आणि आला तो दोन तासांत असा आला, की मागची नाली भरून पाणी उलटे घरात शिरले. माझ्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी होते. गव्हाची कोठी भिजली, मुलीची वह्या-पुस्तके गेली. सकाळी आपण सगळ्या पदर खोचून नालीवर गेलो. फावड्याने जे निघाले, ते पाहून कोणी बोलेना. त्यात दुकानांच्या पिशव्या होत्या, आणि आपल्या घरातलेही सर्व काही होते. मला त्यात माझीच फाटलेली हिरवी पायपुसणी सापडली. मी ती गेल्या उन्हाळ्यात मागच्या दाराने टाकली होती. त्या क्षणी मला आजेसासूबाईंची ती केराची पाटी आठवली. बाबांच्या अंगावरून कचरा टाकणारी बाई मीच होते.

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शेकडो माणसे गेली. तेव्हाही नाले तुंबण्याचे एक कारण प्लास्टिकच्या पिशव्या हे सांगितले गेले होते. २०१८ साली आपल्या राज्यात प्लास्टिकवर बंदी आली. कायदा झाला, पण पिशवी हातात घ्यावयाची की नाही हे बाजारात उभ्या असलेल्या बाईच्याच हातात राहिले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना बोलाविले होते. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या मी मनात गाठ मारून ठेवल्या. एक अशी, की हवा तापत चालली आहे, त्यामुळे उन्हाळे कडक होतात आणि पाऊस पडला तर एकदम कोसळतो, कारण गरम हवा पाण्याची वाफ अधिक धरून ठेवते. आपल्याकडे ४५ अंशांचे दिवस आपण भोगतोच आहोत. दुसरी गोष्ट अशी, की आपण टाकलेला ओला कचरा मोठ्या ढिगात दाबला गेला आणि त्याला हवा लागली नाही, की त्यातून मिथेन नावाचा वायू निघतो. कोळशाच्या धुरातल्या वायूपेक्षा तो कितीतरी पटींनी अधिक उष्णता धरून ठेवतो. म्हणजे माझ्या भाजीची देठे आणि माझ्या घरातला उकाडा यांचा संबंध आहे. एकटीच्या देठांनी जग तापत नाही, हे मलाही कळते. पण गावोगावचे ढीग आपल्यासारख्या घरांतूनच होतात.

त्यानंतर आपण मंडळामागच्या मोकळ्या जागेत खताचा खड्डा केला, त्याला आता आठ महिने झाले. आपल्या गल्लीतल्या २२ घरांपैकी १४ घरांचा ओला कचरा तेथे येतो. नव्या भगिनींसाठी रीत पुन्हा लिहिते. तळाला वाळलेला पाला घालावा. त्यावर भाजीची देठे, साली, चहाचा चोथा असा थर द्यावा, पुन्हा पाल्याचा थर द्यावा आणि वरून शेणाचे पाणी किंवा आंबट ताक शिंपडावे. आठवड्यातून दोनदा खालीवर करावे, म्हणजे हवा लागते. मूठभर घेऊन दाबले तर पिळलेल्या फडक्याइतकी ओल असावी. वास येऊ लागला तर पाणी जास्त झाले असे समजून वाळका पाला घालावा. दोन-तीन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत तयार होते. पहिले खत आपण देवळाजवळच्या कडुनिंबाला आणि कढीपत्त्याला घातले. नारळाच्या करवंट्या व आंब्याच्या कोयी त्यात टाकू नयेत, त्या लवकर कुजत नाहीत. मागे कोणीतरी दाढीचे पाते टाकले होते, आणि आपल्या उपाध्यक्षाबाईंचे बोट कापले. ते कोणी टाकले हे शोधावयाचे नाही, पण पुन्हा टाकावयाचे नाही.

सुका कचरा निराळा ठेवला तर घंटागाडीवरच्या बाईचे हात घाणीत जात नाहीत. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा निरनिराळा देणे हे आपले कर्तव्यच ठरविले होते. पण नियम बाजूला ठेवू. त्या बाईलाही संध्याकाळी त्याच हातांनी लेकराला घास भरवावयाचा असतो, हे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता मनातली भीती सांगते. माझ्या माहेरी जे झाले, ते येथे होईल का? सुरुवातीला खड्ड्यावर बारा जणी येत होत्या. गेल्या महिन्यात चौघी येतात, आणि त्या चौघी नेहमीच्याच. घरचे सारे आटोपून, सासूचे औषध, मुलांचे डबे उरकून त्या येतात. त्यांच्यापैकी एकीच्या घरी रोज बोलणे बसते, की गावाचा कचरा काढावयास तुला बरा वेळ मिळतो. बाबांनी गाव झाडला तर ते संत झाले. बाईने गल्ली झाडली तर तिला घरात बोलणी. हे बरोबर नाही, आणि ते बदलावयाचे असेल तर खराटा केवळ आपल्या हातात राहून चालणार नाही. बाबा पुरुष होते. त्यांनी भर रस्त्यात केर काढला तेव्हा त्यांची मिशी खाली गेली नाही. आपल्या घरातल्या पुरुषांना आणि मुलांनाही रविवारी सकाळी अर्धा तास नालीवर येण्यास काय हरकत आहे? माझा मुलगा दोन रविवार आला. पहिल्या रविवारी तोंडाला रुमाल बांधून आला, दुसऱ्या रविवारी रुमाल विसरला. यजमान अजून आलेले नाहीत. पण परवा त्यांनी बाजारातून येताना कापडी पिशवी स्वतः मागून नेली. मी काही बोलले नाही. नुसती पिशवी धुऊन पुन्हा खुंटीला टांगली.

बाबांनी घर सोडले, ते आपल्याला शक्य नाही, आणि आवश्यकही नाही. कुंताबाईसारखी एकटीने चूल सांभाळणारी बाई मागे राहावी, असे काम आपल्याला नको. घर सांभाळून जेवढे करता येईल तेवढेच, पण ते रोज, आणि सगळ्यांनी मिळून, एवढाच माझा आग्रह आहे. अभियान संपते, बक्षिसाचा दिवस जातो. केर रोज निघतो, म्हणून कामही रोजचेच आहे. चुलीला सुट्टी नसते, तसेच हे.

२० डिसेंबरला बाबांची पुण्यतिथी येते. त्या दिवशी आपण दरवर्षी फोटोला हार घालतो. यंदा हार जरूर घालावा, पण त्याआधी सकाळी सात वाजता सगळ्यांनी मागच्या नालीवर जमावे, असे मी सुचविते. वाळला पाला गोण्यांत भरून ठेवावयाचा आहे, म्हणजे खड्ड्याला उन्हाळाभर पुरेल. ज्या ८ घरांचा ओला कचरा अजून येत नाही, त्यांच्याकडे मी स्वतः बोलावणे घेऊन येणार आहे. रागावू नये, आणि दार लावून घेऊ नये. येताना प्रत्येकीने आपला खराटा आणावा, आणि शक्य तर घरातला एक पुरुषही.

लिहिण्यात चूकभूल झाली असेल ती भगिनींनी गोड मानून घ्यावी.